साडेतीन सुताचं सॉकेट

आधी बॅटरी. आधी तिची वजा टोकाची तार, मग अधिकची.
दोन्ही टोकांना टोप्या, कॉकपिटमधल्या स्विचवर लाल पट्टी:
हात लावू नका, आत माणूस आहे.
हे मी बार्रियांकडून शिकले, अकरा वर्षांपूर्वी,
पुंता अरेनासच्या याच हँगरमध्ये,
जिथे वारा पत्र्याला रात्रभर जाब विचारतो
आणि दाराच्या फटीतून सामुद्रधुनी मिठासकट आत येते.

आज उजव्या इंजिनाचा स्टार्टर-जनरेटर.
त्याचे कार्बन-ब्रश झिजून नखाएवढे उरलेत.
सहाला विमान दक्षिणेकडे निघायचं, बर्फावरच्या तळावर.
तिथल्या स्वयंपाक्याची दाढ सुजली आहे म्हणे,
आठ दिवस तो फक्त सूप करतोय, सगळ्यांसाठी.

चिठ्ठ्या बांधायच्या त्या तारा सोडायच्या आधी.
ए, बी, सी, डी, ई. बार्रियांच्या अक्षरात बीचं पोट नेहमी सुटलेलं.
"जागेवर असतात तोवर सगळ्या शहाण्या," ते म्हणतात,
"सोडल्या की कोण कुठली, त्यांनाही सांगता येत नाही."

मग पट्टा सैल करायचा, पण खालून हात देऊन.
सोळा किलोचं धूड.
दांड्यावर लटकू द्यायचं नाही, क्षणभरही नाही;
दांडा वाकतो,
आणि वाकलेला दांडा सरळ असल्याचं सोंग छान वठवतो.
मी तो पोटाशी धरून उतरवला,
कातरायला घेतलेल्या मेंढीसारखा.

नवा चढवला. खाचांना ग्रीस, पट्टा आवळला,
रबरी हातोडीने भोवताली ठोकत पुन्हा आवळला.
नट पान्याच्या 'कट्' आवाजापर्यंत, त्यापुढे नाही.
शेवटी पिळाची बारीक तार, अशी ओढून
की नट सुटू पाहील तेव्हा तीच त्याला घट्ट करेल.
माझे पीळ आता बार्रियांपेक्षा सारखे येतात.
हे त्यांनी पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं.

मग हत्यारं मोजली.
फोमच्या खणात एक गोल भोक रिकामं.
साडेतीन सुताचं सॉकेट.

ते सापडेपर्यंत विमान जमिनीचं.
पीळ कापले. झाकणं उघडली.
बॅटरी, आरसा, चुंबकाची दांडी, आणि शेवटी नुसती बोटं,
कारण बोटांना अंधारातही कडा कळतात.
वैमानिक ओखेदा दोनदा येऊन उभा राहिला,
घड्याळाकडे बघायचं त्याने कष्टाने टाळलं.
मी इंजिनाच्या पोटात कोपरापर्यंत.
बार्रिया खाली गुडघ्यांवर, टॉर्च धरून,
प्रकाश जरा हलत होता.

चारला वीस कमी असताना ते माते प्यायला उठले,
काडेपेटीसाठी कोटात हात घातला
आणि तसेच थांबले.

सॉकेट त्यांनी बाकावर ठेवलं, अगदी हळू.
"कधी ठेवलं, आठवत नाही," म्हणाले,
सबब सांगावी तसं नव्हे, मीटर वाचावा तसं.
गेल्या महिन्यात माझ्या मुलाचं नाव
एकाच दुपारी दोनदा विचारलं होतं त्यांनी.
तेव्हा मी ते थट्टेवारी नेलं.

पुन्हा झाकणं. पुन्हा तार, पुन्हा पीळ.
तपासनिसाचा शिक्का त्यांचा आहे.
त्यांनी माझी प्रत्येक गाठ नखाने चाचपली, शिक्का मारला,
आणि लगेच तो दाबून माझ्या तळहातावर ठेवला.
"मारायला नाही," म्हणाले, "माझ्यापासून सांभाळायला.
कार्यालयात आज मीच सांगतो. विसरलो तर तू सांग."

एक कोरी चिठ्ठी उरली होती.
त्यांनी तिच्यावर लिहिलं: कोट. मालक बार्रिया. खिसे तपासणे.
बीचं पोट तसंच सुटलेलं.
खुंटीवर कोटाच्या गुंडीला ती बांधली आणि हसले.
मीही हसले, जरा उशिरा.

सहाला सतरा मिनिटं इंजिन धरलं.
काटा थरथरून अठ्ठावीस व्होल्टांवर बसला,
बसूनच राहिला.
आम्ही दोघं वाऱ्यात तिरके उभे, टोप्या धरून.

संध्याकाळी रेडिओवर निरोप आला:
दाढ निघाली. उद्या मटण.