नऊ तास, नाहीतर अकरा

पारोळ्यात धुळे रोडला हिलाल मिस्तरीचं दुकान.
दुकान म्हणजे वर पत्रा, एक बाक, आणि जमिनीवर ओळीने
ट्रॅक्टरच्या, जीपच्या, एका ॲम्ब्युलन्सच्या बॅटऱ्या,
तोंडं उघडून बसलेल्या.
मी रिक्षातून माझी मांडीवर घेऊन आलो.

किती वेळ लागेल, विचारलं.
लागायचं मागून. आधी गेलं किती ते सांगा, गुरुजी.
काय चालू राहिलं होतं?

आतला दिवा.
दिव्याने एवढी बसत नाही.
टेप पण. हळू आवाजात.

त्याने अंगठी काढून खिशात टाकली, बुचं फिरवली,
काचेच्या नळीने पहिल्या घरातलं पाणी ओढलं.
आतली गुटी वर यायला तयार नाही.
दुसरं घर, तिसरं. सहाही घरांत तेच.

आणि?
आणि पंखा. वैशाख आहे, मिस्तरी.
"कितला येळ?"
तासभर.

त्याने खडूने फरशीवर मांडलं.
पस्तीसची बॅटरी. पंखा, टेप, दिवा मिळून साडेचार.
गेलेत तीस.
तासाभरात तीस जात नाहीत.
"खरं सांगा. रातभर व्हतं ना?"

घरात पुतणीचं लग्न. ओट्यावर, गच्चीवर, जिन्यातसुद्धा पाहुणे,
माझ्या पलंगावर साक्रीचे तिघे आडवे.
वांग्याची भाजी घोटून कोकिळाचे हात भरून आले होते.
म्हणाली, गाडीत बसू जरा.
जरा.
बावीस वर्षं आम्ही गाडीत बसलो ते कुठेतरी जायला.
त्या रात्री गाडी लिंबाखाली, चाकाला वीट,
आणि ती नंदुरबारच्या नोकरीचं बोलली,
जिचं पत्र मी तेव्हा चार दिवस खिशात ठेवलं होतं.
मुदत तीन दिवसांची होती.
मी काचेकडे बघत होतो. मग तिच्याकडे.
पहाटे पंख्याचा आवाज बसत बसत गेला,
आम्हाला वाटलं, हवेत गारवा आला.

साडेदहा ते पाच, मी मिस्तरीला सांगितलं.

मग त्याचा हिशोब भराभर झाला.
तीस भागिले चार, साडेसात.
वर दीड, कारण देऊ तेवढं ती ठेवत नाही,
थोडं नुसतं गरम होण्यात जातं.
नऊ. दुपारी दोन तास लाइट नाही.
अकरा.

दहावर लावा ना, म्हटलं, संध्याकाळी हळद आहे.
घाईने भरली की प्लेटा वाकतात.
आणि शेवटचं शेवटचं ती फार हळू घेते, गुरुजी,
तेव्हा मध्ये हात घालायचा नाही.
त्याने चिमटे लावले. काटा चारावर जाऊन थरथरला.

बाकावर बसून मी घरी फोन लावला.
मागे भांडी, कुणीतरी चुन्याची डबी शोधत होतं.
अकरा तास, म्हणालो.
कोकिळा थोडं थांबली. मग अगदी हळू विचारलं,
काय काय चालू होतं म्हणून सांगितलंत त्याला?
दिवा, टेप, पंखा.
एवढंच ना?
एवढंच.