एकशे ऐंशी ग्रॅम

लेस्टरमध्ये नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, चष्मा बदलून,
मी एका बिनडोक्याच्या पोराच्या छातीवर
दोन बोटं ताणते. तो मोठा होतो.
आणखी ताणते, त्याचे ठिपके होतात.
कापड काही दिसत नाही.

"मऊ. हवेशीर. प्रीमियम."
प्रीमियम म्हणजे किती?
वजन सांगा, चौरस मीटरला किती ग्रॅम.
सांगत नसतील तर समजायचं,
दोन धुण्यांत अंगाला पीळ पडणार,
कुशीची शिवण बेंबीकडे चालू लागणार.

फ्रॉग आयलंडच्या कारखान्यात
एकोणीस वर्षं हेच केलं.
उजेडाच्या टेबलावर माल उलटा करायचा.
उलटाच. सुलट बाजू सगळ्यांचीच चांगली असते.
जशुबेन गळे ताणायची, मी खांदे बघायची:
आतून पट्टी आहे का, या टोकापासून त्या टोकापर्यंत?
नसेल तर हँगरवरच म्हातारा होतो तो.
मिसेस हॅलम म्हणायच्या, डोळे राहू देत, अंगठा लाव.

आता अंगठ्याखाली काच.
कशावरही फिरवा, सगळं सारखंच गुळगुळीत.

तरी जुन्या खोडी कामाला येतात.
पाच चांदण्यांवाले वाचायचे नाहीत,
ते पार्सल फोडायच्या आधीच खूश असतात.
एकवाले चिडलेले असतात पोस्टमनवर.
तीनवाले वाचायचे. डर्बीची कुणी बाई लिहिते,
"सहाव्या धुण्याला गळ्याला लाटा आल्या."
बाई, तुझं भलं होवो.
मग त्या पोराची कंबर बघायची:
सुरकुत्या सगळ्या मागे पळत असतील
तर पाठीशी चिमटे लावलेत.
काळ्यात सगळं लपतं, म्हणून पांढऱ्याचा फोटो.
कातडी दिसली की पुढे सरकायचं.

एक सापडला.
एकशे ऐंशी ग्रॅम, विंचरलेलं सूत,
कुशीला शिवण नाही, मानेशी लेबल नाही.
लेबल चालत नाही त्याला आता,
तिथेच हॉस्पिटलवाल्यांनी
निळ्या ठिपक्यांच्या खुणा केल्यात.

राहिलं माप.
एम, एल वगैरेंवर विश्वास ठेवू नये,
एकाचा एल दुसऱ्याच्या एमच्या मांडीवर बसतो.
घरातला नीट बसणारा घ्यायचा,
इस्त्रीच्या टेबलावर सपाट अंथरायचा,
काखेपासून काखेपर्यंत टेप.
मुकुंदाचा मोरपंखी घेतला. साडेबावीस इंच.
सवयीनं दुसऱ्यांदा मोजला. साडेबावीस.

बटण दाबणार, तेवढ्यात
तो पाणी प्यायला आला,
त्याच मापाचा दुसरा घालून.
खांद्याची शिवण दंडावर उतरलेली,
गळ्यात आणखी एक गळा मावेल इतकी जागा.
शर्टात कुठेच खोट नव्हती.

"उभा राहा जरा. हात वर कर."
टेप फिरवली. किती, ते त्यानं विचारलं नाही.
मीही आकडा मोठ्यानं बोलले नाही.
कारखान्यात असं कधी केलं नव्हतं;
तिथे बोलावंच लागायचं, समोर लिहून घेणारी बसलेली असे.

"पांढरा नको," तो म्हणाला,
"वॉर्डातला वाटेन."
मोरपंखी नव्हता. गडद हिरवे तीन घेतले,
एम.
परत करायची मुदत तीस दिवस, फुकट.

शुक्रवारी येतील.
आधी उलटे करून बघीन.