देह कसा आहे

बिसाउत पोचलो त्या रात्री गावभर दिवे नव्हते.
दोना क्विंतिनाने मेणबत्ती धरून जिना दाखवला,
बोटांवर सात मोजले, मग पाय उंच उचलून दाखवला.
सातवी पायरी तुटकी होती.
खोली चार. आकडा खडूचा, हात लागला की पुसट होणारा.
पलंग, बादली, बादलीत बुडालेला मग,
तीन पात्यांचा पंखा, त्यातली दोन शिल्लक.
कंपनीने सांगितलं होतं, मोठ्या हॉटेलात नको,
हंगाम लांबला तर परवडणार नाही.
हंगाम लांबला.

माझं काम काजू कापायचं.
पोत्यातून नमुना काढायचा,
अडकित्त्याच्या थोरल्या भावासारखं एक यंत्र असतं
त्यात एकेक बी धरून दोन फाका करायच्या,
पांढरा, डागी, किडका, पोकळ,
वजन करून शेवटी एकच आकडा लिहायचा.
त्या आकड्यावर बंदरातलं जहाज भरतं
किंवा तसंच डुलत राहतं.
चिकाने बोटं काळी होतात. साबण हरतो.
दोनाने पहिल्याच दिवशी माझे हात पाहिले
आणि पांढरा टॉवेल परत नेला.

सकाळी पाव ठेवताना ती विचारायची,
कुमा दी कुर्पु?
देह कसा आहे?
मी इमानदारीत सांगत बसायचो,
पोट बिघडलंय, पाठ धरलीय, रात्रभर डास.
साजो, रात्रीचा राखणदार, हसून हसून बाकावरून घसरायचा.
चौथ्या दिवशी त्यानेच मला बाजूला घेतलं.
असं सांगायचं नसतं, म्हणाला.
कुर्पु स्ता बोन म्हणायचं, देह बरा आहे,
मग ज्याला खरं सांगायचंय
त्याच्याजवळ जाऊन बसायचं.
आमच्यातही "बरं आहे ना?" विचारणारा
उत्तराआधी चार पावलं पुढे गेलेला असतो,
हे त्याला सांगावंसं वाटलं. तेवढी भाषा नव्हती.

ट्रक अडकले. जितु का तें, साजो म्हणाला, इलाज नाही.
नळाला पाणी नाही. जितु का तें.
रात्री पत्र्यावर आंबा पडायचा, धाडकन,
की साजो बॅटरी घेऊन पळायचा,
वटवाघळाच्या आधी पोचला तर अर्धा मला.
पंधराव्या दिवशी बंदरातल्या कचेरीचा धडधाकट जिना चढताना
सातव्या पायरीवर माझा पाय आपोआप उचलला गेला.

त्याच संध्याकाळी दोना वर आली,
हातात लहानशी पिशवी.
मान्सोआजवळ भावाची बाग, भाऊ अंथरुणाला खिळलेला,
बिया घरातच पडून, व्यापारी भाव पाडतोय.
तू खरा आकडा सांग.
मेणबत्तीच्या उजेडात मी कापत गेलो,
ती फाका रांगेत लावत गेली
निवडलेल्या तांदळाइतक्या मायेने.
ओल धरली होती. बुरशीचा वास
पहिल्या फाकेलाच आला होता,
तरी मी सगळ्या कापल्या.

आकडा?
स्ता बोन, मी म्हणालो.
तिने मान डोलावली, पिशवी बांधली, जिना उतरू लागली.
आणि मग मी गेलो,
आठव्या पायरीवर तिच्याजवळ बसलो.
ती थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही.
खाली साजोने रेडिओ बारीक केला.
किती तरी वेळाने ती म्हणाली, किती?
मी बोटांवर दाखवलं. काळी बोटं, अंधार,
तिने ती हातात धरून
चाचपून मोजली.

निघताना बिल दिलं, वहीचं अर्धं पान.
अठरा रात्री. पाव. पाणी, बादल्या बेचाळीस.
मेणबत्त्या सहा.
मी माझ्याशी हिशेब केला, पाच जळल्या होत्या.
सहावी तिच्या पिशवीसाठी होती.
तीही माझ्याच नावावर.
काही न बोलता पैसे मोजले.
तिनेही ते दोनदा मोजले, पदरचे असल्यासारखे,
आणि दारातून विचारलं,
देह कसा आहे?

टॅक्सी भोंगा वाजवत होती.
मी बॅग खाली ठेवली.