धावदोरा

सारेमा बेटावर, लेइडाच्या बागेत
एकही झाड विकत आणलेलं नाही.
गुलाबी फ्लॉक्स मावसबहिणीचा.
पिओनी पोस्टातल्या व्हाइकेची,
निवृत्त होताना तिनं गावभर कंद वाटले होते.
डेल्फिनियम कुणी दिला ते आठवत नाही,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, एवढं आठवतं.
आणि ही भगवी लिली
एल्वीची. जावेची.
अकरा वर्षं बोलणं नाही,
लिली मात्र दरवर्षी एका देठाने वाढते.

जुलैत सगळी एकदम तोंड उघडतात.
"ही बाग नव्हे," हिलार म्हणायचा,
"सामूहिक शेताची सभा आहे.
ठराव एक नाही, हात सगळ्यांचे वर."
ती हसायची नाही.
पुढं त्याच्या खुर्चीत बसून
तिनं एका संध्याकाळी चष्मा काढला,
आणि नावं पुसली गेली.
कोण कुणाचं, ते गेलं.
उरले रंगांचे डाग,
आणि डागांमध्ये नुसती भोकं.

कुंपणाशी एक राखाडी पसारा होता,
बारीक जांभळी फुलं, वर मांजर लोळलेलं.
कुणी दिला नव्हता, आपला आपण आला होता.
त्याच्याजवळ मात्र
गुलाबीचा आवाज खाली यायचा,
भगवीचाही.

सप्टेंबरात तिनं फावडं घेतलं.
गड्डा उपसून जमिनीवर आपटला,
ब्रेडच्या सुरीनं कापला.
चार पावलं, एक तुकडा.
पुन्हा चार पावलं.
गोधडीवर धावदोरा घालावा तसा:
दिसला, बुडाला, दिसला.
फ्लॉक्सच्या पायाशी, पिओनीच्या मागं,
लिलीजवळ जरा थांबून दोन.
(लिली हलवायचं तिनं दोनदा ठरवलं होतं.
एकदा खड्डासुद्धा खणला होता शेडमागं.
त्यात आता पावसाचं पाणी आहे.)

औंदाच्या जुलैत व्हाइके फाटकाशी थांबली.
"नवीन काय लावलंस?"
"काही नाही."
"मग काहीतरी काढलंस."
"तेही नाही."
व्हाइके बराच वेळ बघत राहिली,
पिओनी आपलीच आहे ना, याची खात्री करत.

परवा कुंपणाजवळचा गड्डा पुन्हा सुटला.
सगळ्या जागा भरल्या, एक तुकडा उरला.
एल्वीचं घर बसनं तीन थांबे.

तुकडा अजून बादलीत आहे,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
लेइडा रोज सकाळी
कागद तेवढा बदलते.