सातवा कोष

रुईची ही कुणी लांबची नातलग असावी.
पान खुडलं की तोच पांढरा चीक,
बोटाला तसाच चिकटणारा.
शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं तोडताना
आई बजावायची, डोळ्याला हात लावू नकोस.
इथे डेटनमध्ये, गॅरेजच्या भिंतीलगत,
तेच वाक्य मी शाल्मलीला म्हणतो
आणि ती लगेच डोळा चोळते.

सात सुरवंट. पिवळे, काळे, पांढरे पट्टे.
धुण्याच्या जाळीदार टोपलीत त्यांचा मुक्काम.
रात्रपाळी संपवून घरी आलो
की आधी त्यांच्या लेंड्या झाडायच्या, कागद बदलायचा,
मग स्वतःचे बूट काढायचे.
केवढं खातात! आणि केवढं...
पुढचा शब्द ऋतुज ओरडून सांगतो, गडाबडा लोळतो.
तीन वर्षांच्या माणसाला याहून मोठा विनोद ठाऊक नसतो.

शेजारच्या डोलोरेसबाईंनी
कुंपणाकडचं रान यंदा कापलंच नाही.
तुमचा चारा, म्हणतात,
जणू आम्ही दारात म्हशी बांधल्यात.

मग एकेक जण स्वतःला उलटं टांगून घेतो.
ऋतुजही सोफ्यावरून डोकं खाली सोडून बघतो,
लालबुंद होईपर्यंत.
दुसऱ्या दिवशी हिरवे कोष,
कडेला सोन्याचे बारीक ठिपके.
कुणी लावले? कधी? शाल्मली विचारते.
मी कामावर होतो, म्हणतो.

बाहेर येताना बघायचंच, हे ठरलेलं.
पहिलं आलं ते शाळेच्या बसच्या वेळी,
दुसरं, आम्ही हरवलेला मोजा शोधत असताना.
तिसऱ्यासाठी दीड तास खुर्च्या मांडून बसलो
आणि दूध उतू गेलं म्हणून सगळे धावलो.
परत येतो तर ओले, चुरगळलेले पंख लोंबताहेत,
खाली तांबडा थेंब.
रक्त! म्हणून शाल्मली रडली.
रक्त नाही गं, म्हणालो. मलाही खात्री नव्हती.
चौथं नि सहावं, आम्ही झोपेत.
पाचव्याचा एक पंख उघडलाच नाही.
त्याला कलिंगडाची फोड, खिडकीतलं ऊन
आणि नाव, भाऊसाहेब.
नऊ दिवस.
त्यानंतरचं इथे लिहीत नाही.

सातवा कोष काळा पडला त्या सकाळी
मंजिरी आंघोळीला, आणि मी
बुटांसकट सोफ्यावर पेंगलेला.
जाग आली तर टोपलीसमोर ऋतुज,
एकाच पायात चड्डी, तोंडात अंगठा.
जाळीला लटकलेलं फुलपाखरू.
पाहिलंस? बाहेर येताना?
मान हलली.

शाल्मली धावत आली. तिला सगळं हवं :
आधी डोकं की पाय, आवाज झाला का, किती वेळ लागला?
त्याच्याकडे एवढे शब्द कुठले.
त्यानं अंगठा बाहेर काढला,
मूठ घट्ट वळली,
थांबला,
आणि मग एकेक बोट, इतकं सावकाश
की मीच श्वास धरून बसलो.

तळवा ओला होता.
शाल्मली म्हणाली, परत दाखव.