आवक क्रमांक

चौथीच्या पुस्तकात, पान त्रेपन्न,
मिठागराचं चित्र माझं आहे.
डोक्यावर टोपली, पांढरेशुभ्र दात, मागे माड.
दोन माड नंतर वाढवले,
कारण संपादकांना त्यात गोवा दिसत नव्हता.

ते पुस्तक मी आगरवाड्याला नेलं,
खरं तर कौतुक करून घ्यायला.
सुकांती मांद्रेकरनं ओले हात पदराला पुसले,
पान उन्हात धरलं, लांब केलं, जवळ घेतलं
आणि म्हणाली, "पांय खंय गे?"

चौकट गुडघ्यांपाशीच संपत होती.
पाय काढणं अवघड असतं,
हे मी तिला सांगितलं नाही.

त्या फेब्रुवारीत रंगांची पेटी घरी राहिली.
तापोवणीत पाणी तापतं, पिकोवणीत मीठ पिकतं.
तिथलं दाट पाणी एका बाटलीत घेतलं,
कागद निळीत बुडवून वाळवले,
आणि कामाला आलेल्या आठ जणांसमोर उकिडवी बसून
त्यांचे पाय काढले, त्या पाण्यानं.
ओढताना काहीच दिसत नाही.
दुपारी तीनच्या सुमारास पाऊल उगवतं,
आधी टाच, मग घोटा.
टाचेच्या भेगा मी काढल्याच नव्हत्या.
त्या मिठानं आपल्या आपण काढल्या.

पणजीला, मळ्यातल्या गॅलरीत, सोळा पाय लागले.
किमतीच्या चिठ्ठीवर रुपये नव्हते.
चाळीस पोती, असं लिहिलं होतं,
पोत्याचा भाव सुकांतीला विचारा,
आणि खाली तिचा नंबर.
तिची परवानगी घेतली होती.
परवानगी नेमकी कशाची, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

एकवीस फोन आले.
एका बाईनं विचारलं, आयोडीन आहे का?
एकानं घासाघीस केली, पोत्यावर नाही, चित्रावर.
एक मुलगा नुसता ऐकत राहिला:
कुर्ल्यांनी बांध पोखरलाय,
मानस कुजलीय,
पोत्याचा भाव म्हणशील तर गाडीवाला सांगेल तो.
मुलगा म्हणाला, मन कुजलंय म्हणजे?
तो फोन ती मला तीनदा सांगून हसली.
मी हसले नाही.
पहिल्या दिवशी मलाही तेच वाटलं होतं.
मानस म्हणजे खाडीच्या तोंडाचं लाकडी दार,
भरतीला आपसूक मिटणारं.
आता ते मिटत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिनं फोन लेकाकडे दिला.
"तुझी माणसं नेमकी भरतीला फोन करतात."

चित्रं विकली गेली नाहीत.
मेच्या शेवटी हवा जड झाली,
घरात उभे करून ठेवलेले कागद ओघळले.
कागद रडले, असं मी वहीत लिहिलं आणि खोडलं.
मिठानं हवेतलं पाणी ओढून घेतलं, इतकंच.
सुकांतीला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं,
आता कामाचं काहीतरी काढ.

मग पेन्सिल, मोजपट्टी आणि ओहोटी.
दार सहा फूट बाय चार.
या फटीत बोट जातं.
या फटीत हात जातो.
इथून शेवटा मासा जातो, तिनं पाहिलाय.
मापाला शेजारी माणूस हवा
म्हणून तिलाच उभं केलं,
चिखलात रुतलेल्या घोट्यांसकट.

पेडण्याला, मामलेदाराच्या कचेरीत,
कारकुनानं कागद उलटसुलट केला.
"रंगीत नाही?"
नाही.
त्यानं शिक्का मारला तो थेट पायांवर.
आवक क्रमांक चारशे सतरा.
सही करायची मी विसरले होते. कुणी मागितलीही नाही.

पोच तिच्या तांदळाच्या डब्यात आहे.
दार अजून तेच आहे.
अमावास्येच्या भरतीला मी जाते.
ती फटींत चिखल आणि पेंढा कोंबते,
मी टॉर्च धरते.
"माझ्या तोंडावर कशाला मारतेस," ती म्हणते,
"पाण्यावर धर."