कळ

हेल्वे कुल्डकेप प्रॉम्प्टर आहे,
तार्तूच्या जुन्या नाट्यगृहात, डावीकडची पहिली विंग.
एकोणतीस वर्षं तेच स्टूल,
मांडीवर संहिता, पानावर बटणाएवढा उजेड.
शब्द आधी दिला तर नट चिडतो,
उशिरा दिला तर प्रवेश पडतो.
मधे अर्ध्या श्वासाची जागा असते,
तिथलं तिला कळतं. बाकी फारसं कशातलं कळतं
असा तिचा दावा नाही.

गेल्या हिवाळ्यापासून
तिच्याच आत कुणीतरी
वेळेआधी वाक्य देऊ लागलंय.

दुसरा अंक. विधवा पत्राचा लखोटा फोडतेय.
आणि खालून: ऊठ.
पेलाभरही साचलं नसेल.
ऊठ. आत्ता.
मांडीवर मांडी आवळून हेल्वे कळ काढते,
बोट ओळीवर, डोळे नटीच्या ओठांवर,
कपाळावर घाम, आणि बाहेर उणे चौदा.

आधी तिने कॉफी सोडली. मग चहा.
मग दुपारनंतर पाणीच.
घसा इतका कोरडा की कुजबुजही चिकटायची,
आणि नवा पोरगा म्हणाला, बाई, ऐकू येत नाही.

पिशवीला बोल लावत होती ती.
आईचीही अशीच होती, म्हणाली,
आमच्या घरात पिशव्याच लहान.
मारेत नावाच्या थेरपिस्टने
पावतीच्या मागे एक रेघ ओढली, उभी, वाकडी:
पिशवी फक्त सांगते, किती भरलं ते.
निरोप कण्यातून वर जातो, मेंदूच्या देठाशी,
तिथे एक कळ आहे, तिचं काम सोडून देणं.
आणि त्याच्याही वर, कपाळामागे,
कुणीतरी बसलेलं असतं, थांब म्हणायला.
तुम्ही दोन वर्षांच्या असताना ते थांब शिकलात,
घरात कुणी टाळ्याही वाजवल्या असतील.
आता ते पुसट झालंय,
किंवा खालचीच हाक मोठी झालीय.
नक्की काय, ते कधीकधी आम्हालाही कळत नाही.

हेल्वेला हे आवडलं, त्यांनाही न कळणं.

दाराचं मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.
नाट्यगृहापासून घर वीस मिनिटं,
एमायोगीवरचा पूल, नदी वरून घट्ट, आतून वाहती,
पुलावर काही नाही. जिन्यात काही नाही.
किल्ली खिशात असेतो काहीच नाही.
किल्ली कुलपात शिरली की
शरीर म्हणतं, आलं घर,
आणि कुलपाची कळ फिरायच्या आत
दुसरी फिरते.
एकदा पोचलीच नाही ती.
गळ्यातल्या मफलरने फरशी पुसली.
शेजारच्यांचा मुरी येऊन हुंगू लागला,
तर त्या कुत्र्याला म्हणाली, काही नाही रे, काही नाही,
जणू त्याने विचारलं होतं.

आता दर गुरुवारी घोट्यापाशी एक बारीक सुई,
सुईला वायर, वायरीला डबी.
अर्धा तास पायाचा अंगठा
आपला आपण हलत राहतो,
कुणीतरी विंगेतून इशारा करावा तसा.
पायातून पिशवीचं काय होणार, तिने विचारलं.
दोघींच्या नसा, मारेत म्हणाली,
कण्यात एकाच जिन्याने शिरतात.
एकीला बोलतं ठेवलं
तर दुसरीचा गलका थोडा बसतो. कधीकधी.
हेल्वेला जिना पटला, कधीकधी पटलं नाही.

सातव्या गुरुवारी ती आपल्या दाराशी उभी राहिली.
किल्ली घातली. फिरवली नाही.
लाट आली. टाचा रोवून उभी,
ओठ हलवत, आवाज न काढता, स्वतःलाच वाक्य देत:
थांब. अजून तुझा प्रवेश नाही.
लाट चढली, रेंगाळली, ओसरली.
किल्ली बाहेर काढली. पुन्हा घातली.
पुन्हा लाट, जरा बुटकी.

तिसऱ्या वेळी मुरीचा मालक जिना चढत आला.
कुलूप बिघडलंय का?
नाही, हेल्वे म्हणाली, तालीम चाललीय.
तो मान डोलावून आत गेला,
नाटकवाली माणसं, त्याला सवय होती.

चौथ्यांदा मात्र ती धावली.
बूट पायातच, दार सताड उघडं,
जिन्यातली थंड हवा
तिच्या मागोमाग घरभर.